चौदा माणसं, बारा सूट : आमच्या अग्निशमन केंद्राच्या खरेदीच्या नोंदी

दक्षिण कोकणातल्या किनाऱ्यावरची एक छोटी नगरपरिषद, तिचं एक अग्निशमन केंद्र, एक मोठा बंब, एक छोटा. दहा फायरमन, चार चालक, आणि मी केंद्राचा प्रभारी. माझ्याकडे पाणीपुरवठ्याचाही अर्धा कार्यभार आहे, त्यामुळे नोंदींमध्ये खंड दिसेल. शेजारच्या दोन नगरपरिषदांतून फोन आले, "तुम्ही आगीत घालायचे सूट कसे घेतलेत?" फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून इथे देतोय.

६ डिसेंबर २०२३

परवा ४ तारखेला मालवणला नौदल दिन झाला. बंदोबस्ताला आमचा बंबही होता. शेजारी एका मोठ्या शहराची गाडी उभी होती. तिथल्या फायरमनला म्हटलं, "भाऊ, कोट जरा उलटून दाखवता का?" त्याने हसत दाखवला. बाहेरचं जाड कापड, त्याच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा, त्याच्याही आत रजईसारखं अस्तर. तिन्ही थर वेगळे करता येतात. आमची माणसं खाकी सुती कपड्यांत आणि बांधकामावरच्या गमबुटांत, तिथेच उभी राहून बघत होती.

आज कपाट रिकामं केलं. निघालं ते असं : चार चंदेरी सूट, त्यातल्या दोघांचा चंदेरी मुलामा पापुद्र्यासारखा सुटतोय. अकरा पिवळी हेल्मेटं, सहांचे पट्टे तुटलेले. हातमोजे चामड्याचे, वेल्डिंगचे. हुड, म्हणजे हेल्मेटखाली डोकं, कान आणि मान झाकणारी कापडी टोपी, एकही नाही.

चंदेरी सूट तेल किंवा गॅसच्या आगीजवळ, झळ परतवायला असतो. घरात शिरून आग विझवायचा तो कपडा नव्हे. पण फोटोत तोच छान दिसतो. कार्यालयातून पहिली सूचना आली ती हीच, "तसलेच नवीन घ्या." हे समजावण्यात दोन दिवस गेले.

१९ डिसेंबर

१२ लाखांपर्यंत तरतूद होईल, असं तोंडी कळलं. सध्या प्रशासकीय राजवट असल्यामुळे ठराव सभेत अडकणार नाही, प्रशासकांच्या सहीवर होईल. तेवढा एक फायदा.

तिघांकडून दर मागवले. माणशी सूट ४८,०००, हेल्मेट १४,०००, बूट ९,०००, हातमोजे ४,५००, हुड २,०००. एकूण ७७,५००. चौदा माणसांचे १० लाख ८५ हजार. मी खूश होऊन फाईल लेखापालांकडे नेली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कर कुठाय?" तिन्ही दरपत्रकांत खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा' होतं. कर धरला तर रक्कम १२ लाखांच्या बाहेर जात होती. आठ दिवस उगाच गेले.

मग कात्री लावली. हेल्मेट, बूट, हातमोजे चौदा जणांना. हुड अठ्ठावीस, माणशी दोन, कारण एक धुण्यात असतो. सूट मात्र बारा : दहा फायरमनना प्रत्येकी एक, आणि चार चालकांत मिळून दोन. चालक बाहेर पंपावर असतो, त्याला दोघांत एक पुरेल असा माझा हिशेब. (हा हिशेब चुकला. पुढे येईलच.) आता कर धरून साधारण ११ लाख ६५ हजार.

बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या बाटल्या, या पैशात बसत नाहीत. आमच्याकडे दोनच आहेत. हे डोक्याला टोचत राहणार.

२७ आणि २८ डिसेंबर

मापं. पुरवठादार सांगतात, "साहेब, मीडियम-लार्ज असं कळवा, बस." त्यांचा तक्ता बघितला. चव्वेचाळीस छातीच्या कोटाला जी लांबी दिलीय, ती सहा फुटी माणसाची. आमच्याकडे सहा फुटी कोणी नाही. तात्या, आमचे सर्वांत जुने फायरमन, उंची पाच फूट चार इंच, छाती अडतीस, पोट एक्केचाळीस. छातीवर कोट घेतला तर पोटावर बटण लागत नाही, पोटावर घेतला तर हात बाहीत हरवतात.

बाजारातल्या शिंपीकाकांना बोलावलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना सरळ उभं करून मापं घेतली. संध्याकाळी एक पोरगा जुना कोट घालून शिडीवर चढला आणि म्हणाला, "साहेब, हात वर केल्यार मनगट भायर येता." ब्रँच, म्हणजे पाण्याच्या नळीचं तोंड, धरलेला माणूस सरळ उभा नसतोच. हात डोक्यावर असतात नाहीतर तो गुडघ्यावर बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी सगळी मापं पुन्हा : हात वर करून खांदा ते मनगट, उकिडवं बसून कंबर ते घोटा, आणि वाकल्यावर पाठ उघडी पडते का ते. शिंपीकाकांनी दुसऱ्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पायांची मापं संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून पाय फुगल्यावर. नुसता नंबर नको, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारा. आमच्याकडच्या माणसांचं लहानपण अनवाणी गेलेलं, पंजा पुढे पसरट असतो. मी कागद काढले, पण निविदेला जोडले नाहीत. नुसते नंबर लिहिले. कागद ड्रॉवरमध्ये राहिले.

९ जानेवारी २०२४

तांत्रिक तपशील लिहायला घेतला. खरं सांगायचं तर पहिला मसुदा दुसऱ्या एका ठिकाणच्या निविदेवरून जसाच्या तसा उतरवला होता. त्यात झिपेचा रंग, खिशांची संख्या, एवढंच काय, खिशावरच्या झाकणाचे सेंटिमीटर होते. म्हणजे कोणीतरी एका ठरावीक मालाकडे बघून लिहिलेलं. आणि जे महत्त्वाचं ते एका ओळीत : 'ईएन ४६९ प्रमाणे असावा.'

त्या युरोपीय मानकात दोन पातळ्या असतात, १ आणि २. पातळी लिहिली नाही, तर पातळी १ चा स्वस्त सूट देणारा माणूस नियमाने बरोबर ठरतो आणि तुम्ही काही बोलू शकत नाही. लेबलवर अक्षरं येतात : एक्स म्हणजे ज्वाळा आणि झळ, वाय म्हणजे बाहेरचं पाणी आत येणं, झेड म्हणजे आतल्या घामाची वाफ बाहेर जाणं. झेड २ साठी वाफेला होणारा अडथळा ३० पर्यंत चालतो, झेड १ मध्ये ४५ पर्यंत.

थंड देशात झेडकडे दुर्लक्ष झालं तर चालत असेल. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी आठ वाजता नुसतं उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटतो. म्हणून तिन्ही अक्षरांपुढे २ मागितलं. भारतीय मानकही आहे, आयएस १६८९०. तेही लिहिलं.

आणखी घातलं ते : चाचणी अहवाल शिवलेल्या पूर्ण सूटचा हवा, नुसत्या कापडाचा नको. माल तयार झाल्याला सहा महिन्यांहून जास्त झालेले नकोत (अमेरिकी मानकात सूटचं आयुष्य तयार झाल्याच्या तारखेपासून १० वर्षं धरतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे). नमुना सूट द्यावा लागेल आणि तो आमच्याकडे सीलबंद राहील. ही शेवटची अट मी सहज टाकली होती, तिनेच पुढे वाचवलं.

२४ जानेवारी

जेम, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बोली टाकली, २१ दिवसांची मुदत. पोर्टलवरच्या ठरलेल्या रकान्यांत आपली मापं बसत नाहीत, ती खरेदीदाराच्या जादा अटींत वेगळी फाईल म्हणून जोडावी लागतात. माझी पहिली फाईल चढली ती कोरी. दोन दिवसांनी एका पुरवठादाराने विचारलं, "मापं कुठे आहेत?" तेव्हा कळलं. शुद्धिपत्रक काढलं. चढवलेली फाईल स्वतः उतरवून उघडून बघा.

२ फेब्रुवारी

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा. दुपारी दोनला वर्दी (आगीची खबर), परत आलो साडेसहाला. काजूची कलमं आणि आंब्याची एक बाग जेमतेम वाचवली. बंब वर चढत नाही, पाणी पोचत नाही. माणसं ओले टाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, घेऊन गवत झोडत होती, निम्मे गावकरी, निम्मे आमचे.

कातळावर उभं राहून वाटलं, आपण कुठल्या आगीसाठी सूट घेतोय? वर्दीची वही काढून मागचं वर्ष मोजलं. अर्ध्याहून जास्त वर्द्या गवताच्या आणि बागांच्या. तीन थरांचा सूट घालून फेब्रुवारीच्या उन्हात साडेचार तास टाळ झोडता येणार नाही, माणूस आडवा होईल. वणव्यासाठी हलका एकेरी कपडा असतो, त्याचं मानकही वेगळं, ईएन आयएसओ १५३८४ (पूर्वीचं ईएन १५६१४). हे डिसेंबरात सुचायला हवं होतं. वर्दीची वही माझ्याच टेबलावर असते.

बोली मागे घेतली तर मार्चअखेर पैसे परत जाणार. पुढे चालू ठेवली. घरं, दुकानं, बोटी आणि काजूचे कारखाने यांना हा सूट लागतोच.

१६ फेब्रुवारी

पाच बोली. दोघांचे अहवाल कापडाचे, तेही वेगळ्याच वजनाच्या कापडाचे. बाद. तिघांना नमुने पाठवायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी : नमुन्यांची परीक्षा

ही नोंद लांब आहे, कारण सगळ्या खरेदीत याच दिवसाचा उपयोग झाला. तीन सूट, त्यांना अ, ब, क म्हणू.

पाण्याच्या टाकीचा जिना निवडला. तीन फायरमन, साधारण एकाच अंगाचे, पूर्ण जोड घालून खांद्यावर होजची गुंडाळी, २५ मिनिटं वर-खाली. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, पाणी, मग सूट बदलून पुन्हा. नाडी मोजायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या. कोणाचं डोकं हलकं वाटलं तर लगेच थांबायचं, हे आधीच ठरवलं.

घाम कसा मोजायचा? आधी आणि नंतर माणसाचं वजन. केंद्रात काटा नाही, म्हणून जवळच्या मासळी बाजारातला मोठा काटा सकाळचा लिलाव आटपल्यावर मागून घेतला. माणूस चड्डीवर, टॉवेलने कोरडा पुसून काट्यावर. प्यायलेलं पाणी वेगळं धरायचं. कोळणी टोपल्या धुवायच्या थांबल्या. एक म्हणाली, "आज माणसांचो लिलाव आसा काय?" दुसरीने तात्यांचा भाव सांगितला, तो इथे लिहीत नाही.

निकाल : 'अ' घालून माणशी साधारण अर्धा किलो गेलं. 'ब' घालून पाऊण किलोच्या वर. 'क' मधोमध. 'ब'च्या कागदावर झेड २ होतं. तात्या 'ब' काढता काढता म्हणाले, "साहेब, आगीत जावच्या आधीच हयसर शिजलंय मी." मी काही प्रयोगशाळा नाही, काटा ५० ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, तिसऱ्या फेरीला माणूस थकलेला असतो. तरी फरक एवढा ढळढळीत होता की फेऱ्यांची अदलाबदल केली तरी 'ब' मागेच राहिला.

दुसरी परीक्षा पाण्याची. अस्तर उलटं करून पडद्याची शिवण वर येईल अशी खोलगट धरायची, त्यात कपभर पाणी ओतायचं. नुसतं पाणी नाही : सहा भाग नळाचं पाणी, एक भाग स्पिरिट, म्हणजे बारीक भोकातूनही लवकर उतरतं. तीन मिनिटं थांबायचं आणि खालून हात फिरवायचा. अमेरिकेत जुने सूट तपासायला ही रीत वापरतात, नव्यालाही लागू पडते. 'क'च्या काखेतल्या शिवणीखाली माझी बोटं ओली झाली. पडदा चांगला होता, पण शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नव्हती. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती. गरम पाणी तिथून आत आलं तर वाफेने भाजतं.

हातमोज्यांना साधी परीक्षा : दोरीची गाठ मारा, वायरलेसचं बटण दाबा, जमिनीवरून दहाचं नाणं उचला. नाणं कोणालाच उचलता आलं नाही, पण 'अ'च्या मोज्यात गाठ बसली. 'ब'च्या मोज्यात बटण दाबताना दोन बटणं एकदम दाबली जात होती.

हे सगळं तक्ता करून, सिस्टरांच्या आणि तिन्ही फायरमनच्या सह्या घेऊन फाईलला लावलं. 'ब' आणि 'क' तांत्रिक छाननीत बाद केले. दोघांचीही हरकत आली. 'क'च्या हरकतीला आम्ही ओल्या शिवणीचा व्हिडिओ जोडला, तिथे ते थांबले. 'ब'शी जास्त लिहालिही झाली. मी आधीच अटींत 'प्रत्यक्ष वापराची चाचणी घेतली जाईल' असं लिहून ठेवलं होतं, पण किती गुण, कशाला, ते लिहिलं नव्हतं. पुढच्या वेळी लिहीन. 'ब' कागदावर बरोबर होता, हे मला मान्यच आहे.

१३ मार्च

'अ'चा पुरवठा आदेश निघाला. सूट ४४,२००. मुदत ४५ दिवस. लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल म्हणून दोन दिवस सहीसाठी दारात बसून होतो.

१६ मार्च

आचारसंहिता लागली. तीन दिवसांनी वाचलो.

१४ एप्रिल

अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी संचलन असतं. वरून फोनवर फोन, "नवे सूट संचलनाला दिसले पाहिजेत." माल आला नव्हता. पुरवठादार म्हणाला, घाई असेल तर स्टॉकमधले तयार मापाचे पाठवतो, नंतर बदलून देतो. मोह झाला. पण एकदा ताब्यात घेऊन सही केली की 'नंतर' कधीच येत नाही. नाही म्हणालो, बोलणी खाल्ली.

संचलन जुन्या चंदेरी सूटांत झालं. मैदानावर चंदेरी पापुद्रे पडले होते, पोरं गोळा करत होती.

२९ एप्रिल ते २ मे

खोके आले. लेखाविभागाला देयक लवकर काढायचं होतं. मी चार दिवस मागून घेतले.

सीलबंद नमुना टेबलावर ठेवला आणि बाराही सूट एकेक करून त्याच्या शेजारी. बाराही अस्तरांना कप-चाचणी, प्रत्येक काखेला आणि जांघेला. स्पिरिटचा वास दोन दिवस गेला नाही. सापडलं ते असं : दोन कोटांच्या काखेत पट्टी अर्धवट चिकटलेली, पाणी खाली. एक पँट दुसऱ्याच मापाची, लेबल बरोबर, कापड चार इंच लांब. म्हणजे लेबल वाचून घेतली असती तर कळलंच नसतं. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "एवढं कोणी बघत नाही साहेब." त्याच्यासमोरच चौथा कप ओतला.

बूट पाच जोड परत. नंबर बरोबर, पंजा अरुंद. तात्या एक पाय आत घालून बसले होते, "पाय माझो, बूट कोणाचो?" ड्रॉवरमधले कागद तेव्हा काढले आणि कुरिअरने पाठवले. डिसेंबरात पाठवले असते तर महिना वाचला असता, आणि बदलीचा वाहतूक खर्च आम्हाला द्यावा लागला नसता, कारण त्यांचा माल नंबराप्रमाणे बरोबरच होता. ते २,३०० रुपये माझ्या चुकीचे.

एक पूर्ण जोड काट्यावर टाकला, बूट-हेल्मेट धरून आठ किलोला थोडा कमी. बीए सेट धरलेला नाही.

७ मे

मतदान. अर्धी माणसं बंदोबस्ताला. काही झालं नाही.

२४ मे

बदलून आलेले सूट आणि बूट तपासले, ठीक. ९० टक्के देयक सोडलं, १० टक्के सहा महिन्यांसाठी राखलं.

प्रत्येक कोटाच्या आत आणि पँटच्या आत एकच क्रमांक टाकला. अस्तर वेगळं निघतं, तेव्हा अस्तरावरही तोच. पहिल्याच आठवड्यात पाच आणि सात यांची अस्तरं अदलाबदल झाली होती, म्हणून ही अक्कल.

१८ जून

पाऊस लागलाय. काल रात्री काजू कारखान्यात टरफलांच्या ढिगाला आग, नव्या सूटांची पहिली खरी वर्दी. टरफलात तेल असतं, वर पाणी मारलं तरी आत धुमसत राहतं, काळा दाट धूर येतो आणि ते तेल कातडीला लागलं तर फोड उठतात. चौघे आत होते. भाजलं कोणी नाही. एरवी अशा आगीनंतर हातांवर दोघातिघांना तरी फोड असतात.

पण एक गोष्ट मला आवडली नाही. सर्वांत तरुण पोरगा ढिगाच्या पलीकडच्या शेडमध्ये बीए सेट न लावता चार पावलं जास्त आत गेला. त्याला झळ जाणवलीच नाही. सुती कपड्यात असता तर दारातूनच मागे फिरला असता. सूट झळ अडवतो, धूर नाही. खोकत बाहेर आला, कानांच्या पाळ्या लाल, कारण हुड खिशात होता. खिशात! दोन हुड दिले, दोन्ही नवे, घडी न मोडलेले.

आजपासून नियम : दोन बीए सेट म्हणजे दोनच माणसं आत. सूट कितीही असोत. आणि हुड गळ्यात नसेल तर बंबावर चढायचं नाही.

चालकांचंही कळलं. छोट्या बंबावर चालक एकटाच असतो, काल तोही होज ओढायला आत आला. त्या दोन सामायिक सूटांपैकी एक पाच फूट अकरा इंचाच्या चालकाच्या मापाचा, आणि कामावर होता पाच फूट तीनवाला. पँटचे पाय बुटांखाली येत होते. तो दोनदा अडखळला.

२० ते ३० जून : धुणं आणि वाळवणं

याचा मी खरेदीच्या वेळी एका ओळीचाही विचार केला नव्हता.

धुणं जमलं. बाहेरचा थर आणि अस्तर वेगळं, कोमट पाणी (४० अंशांच्या वर नाही), सौम्य साबण, मऊ ब्रश. ब्लीच अजिबात नाही. घरी न्यायचं नाही हे निक्षून सांगितलं. काजळी आणि तेल पोराबाळांच्या कपड्यांबरोबर यंत्रात फिरायला नको.

वाळवणं जमेना. उन्हात टाकायचे नाहीत, उन्हाने हे कापड कमजोर होतं. इथे ऊनही नव्हतं म्हणा. व्हरांड्यात सहा दिवस टांगले, सातव्या दिवशीही अस्तर गार. लोखंडी हँगरचा गंज दोन कोटांच्या खांद्यांवर उतरला. मग मी शहाणपणा करून चार सूट जनरेटरच्या खोलीत टांगले, तिथे ऊब असते. सुकले, पण डिझेलचा वास धरून. ज्या कपड्याने आगीत जायचं त्याला डिझेलची वाफ! चारही पुन्हा धुतले, पुन्हा ओले, पुन्हा पहिल्यापासून.

२८ तारखेला सूट क्रमांक सहाच्या अस्तरावर काखेजवळ काळे ठिपके. बुरशी. कोकणात चामड्याच्या चपलेला, लग्नाच्या शालूला, देवघरातल्या पोथीला येते ती इथे का येणार नाही? ठिपके धुऊन फिके झाले, गेले नाहीत.

शेवटी प्लंबर आणि आम्ही मिळून पीव्हीसी पाइपचा सांगाडा केला. आडवा मोठा पाइप, त्यावर उभे फाटे, प्रत्येक फाट्याला बाह्यांसारखे दोन हात, त्यांना भोकं. एका टोकाला ब्लोअर. कोट त्या हातांवर घालायचा, हवा आतून बाहेर येते. बुटांसाठी खाली आखूड फाटे. पहिल्यांदा भोकं सगळीकडे सारखी पाडली, तर ब्लोअरजवळचे सूट सुकले आणि टोकाचे ओलेच. जवळच्या फाट्यांची निम्मी भोकं चिकटपट्टीने बंद केली, तेव्हा हवा पुढपर्यंत गेली. पाइप, ब्लोअर, प्लंबरची मजुरी मिळून ६,४०० रुपये, किरकोळ खर्चातून. आता अस्तर एका रात्रीत सुकतं, मुसळधार असला तरी.

१२ ऑगस्ट

वणव्याच्या हलक्या कपड्यांचं अंदाजपत्रक दिलं, चौदा जोड, या वेळी कर धरून. बीए सेट चार, त्याच फाईलमध्ये. पायांचे कागद निविदेलाच जोडणार आहे.

शिंपीकाका पुन्हा येऊन मापं घेऊन गेले, चालकांचीही. तात्या फेब्रुवारीत निवृत्त होतायत, तरी रांगेत उभे राहिले. त्यांचा सूट क्रमांक तीन त्यानंतर येणाऱ्या पोराला द्यायचा, तो बहुधा उंच आणि सडसडीत असेल. शिंपीकाका म्हणाले, त्यात काय, बाहीला तुकडा जोडून देतो, पोटात दोन टाचे मारतो. मी सूट उलटा करून त्यांना पडदा दाखवला. यातून सुई गेली की तिथून पाणी. काकांनी बोटाने कापड चाचपलं, टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, "मग नव्या पोराला तात्यांएवढा जाडा करा." अस्तर बदलून मिळतं का, ते पुरवठादाराला आजच लिहून विचारलंय.